मोटारीचे कण्हणे व त्याचे निदान

पुणे जिल्ह्याच्या सीमेवर घोड नदीच्या काठी शिरूर व भीमेच्या काठी दौंड ही दोन गावे वसलेली आहेत. दोन्ही गावे पूर्वीपासून रहदारीची. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली मोटार पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे हल्लीच्या अहिल्यानगरास गेली, ती शिरूरच्याच रस्त्याने. दौंड तर लोहमार्गाचे जंक्शन म्हणून सर्वश्रुत आहे. शिवाय त्या तालुक्यातून यवत, चौफुला व पाटस या गावांवरून सोलापूरचा हमरस्ता जातो. त्या काळी मोटार ही सरकारची किंवा श्रीमंतांची वस्तू समजली जाई. आज दुधाचे कॅन, कांद्याच्या गोणी, उसाचे बेणे, शाळेची मुले व लग्नाचे वऱ्हाड या सर्वांस वाहून नेणारी लहानमोठी वाहने वाड्यावस्त्यांवर उभी दिसतात, व कित्येक कुटुंबांचा चरितार्थ त्यांवरच चालतो. अशा घरी मोटार बिघडणे म्हणजे ऐन पेरणीत बैल बसण्यासारखेच होय. म्हणून मोटारीच्या एका नेहमीच्या तक्रारीचा, म्हणजे वेग घेताना ती जो बारीक, लांबट सूर काढते त्याचा, येथे थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा सूर बहुतेकांनी ऐकला असेल. ॲक्सिलरेटर दाबावा, मोटारीने पुढे झेप घ्यावी, आणि तिच्या अंगातून कोठून तरी ‘ऊंऽऽ’ असा आवाज उठून वेगाबरोबर चढत जावा. पाय सैल केला की तो उतरावा. आजारी माणसाच्या कण्हण्याशी त्याचे साम्य आहे, म्हणून आम्ही त्यास कण्हणे असेच म्हणतो. हा आवाज ऐकून लोक दोन प्रकारे वागतात. कोणी म्हणतात, ‘जुनी गाडी आहे, आवाज करणारच’; आणि तसेच चालवीत राहतात. दुसरे घाबरून पहिल्या भेटेल त्या कारागिराकडे जातात व तो सांगेल तो सुटा भाग बदलून पैसे मोजतात. पहिल्या प्रकारात जिवास धोका संभवतो, दुसऱ्यात खिशास. या दोहोंतून सुटण्याचा मार्ग एकच, व तो म्हणजे आवाज कोणत्या नियमाने चढतो व उतरतो हे शांतपणे ऐकणे.

हा सूर उत्पन्न कसा होतो, हे प्रथम पाहू. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकी पुष्कळांनी सायकलच्या चाकाजवळ पुठ्ठ्याचा तुकडा असा बांधला असेल की प्रत्येक आरा त्यास टिचकी मारून जाईल. सायकल हळू चालली तर ‘टक् टक्’ ऐकू येते. जोराने चालली तर त्या टिचक्या एकमेकींत मिसळून एक सलग सूर होतो. सुप्रसिद्ध इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे पितळेची दातेरी चाके फिरवून हेच तत्त्व दाखविले होते. एका सेकंदात जितके आघात, तितकी त्या सुराची उंची. मोटारीत अशी दंतचक्रे पुष्कळ असतात. समजा, २० दात्यांचे एक चक्र मिनिटास ३००० फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदास ५० फेरे झाले, व दात्यावर दाता येण्याचे प्रसंग सेकंदास १००० झाले. तोच वेग निम्मा केला तर आघात ५०० होतील, व सूर बरोबर एक सप्तक खाली येईल. सुराची उंची ही अशा रीतीने फिरण्याच्या वेगावर ठरते. त्याचा मोठेपणा मात्र बहुधा दात्यांवर पडणाऱ्या भारावर अवलंबून असतो. वेग घेताना दोन्ही वाढतात, आणि म्हणूनच ही तक्रार नेमकी त्याच वेळी कानावर येते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक कण्हणे हा रोग नव्हे. मोटार मागे घेताना रिव्हर्स गिअरमध्ये जो सूर येतो तो पुष्कळ वाहनांत अगदी स्वाभाविक आहे. पुढे जाण्याच्या गिअरांचे दाते तिरपे कापलेले असतात. ते एका टोकाकडून हळूहळू एकमेकांत शिरतात, म्हणून त्यांचा आवाज सौम्य येतो. रिव्हर्सचे दाते बहुधा सरळ असतात. ते सगळ्या रुंदीने एकदम एकमेकांवर येतात व म्हणून गातात. तसेच टर्बो असलेल्या डिझेल मोटारीत वेग घेताना मंद शिट्टी ऐकू येते. कारण त्या टर्बोचे पाते मिनिटास लाखभर किंवा त्याहूनही अधिक फेरे घेत असते. विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींत इंजिनाचा गडगडाट नसल्यामुळे मोटर व तिची दंतचक्रे यांचा बारीक सूर उघडा पडतो. तोही दोष नव्हे. काल नव्हता आणि आज आला, किंवा काल मंद होता आणि आज मोठा झाला, असा सूर मात्र विचार करण्याजोगा समजावा.

आता निदानाकडे वळू. पहिली परीक्षा उभ्या मोटारीवर करावी. मोटार मोकळ्या जागी सपाटीवर उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांस दगड लावावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा व इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. बंद खोलीत हा प्रयोग कदापि करू नये. इंजिनाच्या धुरातील विषारी वायूने माणूस नकळत दगावतो. उभ्या मोटारीतही तोच सूर चढत गेला, तर दोष इंजिनात किंवा इंजिनाच्या पट्ट्यावर चालणाऱ्या सोबत्यांत आहे असे समजावे. उभ्या मोटारीत सूर मुळीच आला नाही, तर दोष बहुधा गिअरबॉक्स, डिफरन्शियल किंवा चाके यांत आहे. या एका परीक्षेने अर्धी मोटार संशयातून मुक्त होते.

सूर उभ्या मोटारीत येत असेल तर प्रथम पट्टा पाहावा. इंजिन बंद करून पट्टा बोटाने चाचपावा. तो काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, त्यास चिरा पडल्या असतील किंवा तो सैल असेल, तर तो घसरून किंचाळतो. पट्ट्यास साबण, मेण, ग्रीस किंवा रॉकेल लावण्याची एक रूढी आहे. तिने आवाज घटकाभर थांबतो व पट्टा मात्र लवकर नासतो. म्हणून ती सोडून द्यावी व पट्टा ताणावा किंवा बदलावा. पट्टा चांगला असूनही सूर येत असेल तर त्यावर फिरणाऱ्या अल्टरनेटर, पाण्याचा पंप इत्यादींच्या बेअरिंगांचा संशय घ्यावा. मोठे दिवे व पंखा चालू करताच सूर वाढला, तर अल्टरनेटरकडे बोट जाते. स्टीअरिंगचे चाक वळवताना सूर वाढला, तर पॉवर स्टीअरिंगच्या पंपातील तेल कमी झाले असण्याचा संभव आहे; तेल फेसाळलेले दिसल्यास त्यात हवा शिरली असे समजावे. अशा वेळी नुसते तेल भरून थांबू नये. ते कोठून गळले हेही शोधावे. ज्या मोटारींत हे काम विजेच्या मोटरवर होते त्यांत हे तेल नसतेच.

कुशल मिस्त्री या कामी एक साधी युक्ती करतात. लांब पेचकसाचे टोक यंत्राच्या स्थिर भागावर टेकवून त्याची मूठ ते कानाशी धरतात. पोलादातून ध्वनी सेकंदास सुमारे ५००० मीटर वेगाने जातो, हवेतून सुमारे ३४० मीटर वेगाने. आणि घन दांडीतून येणारा आवाज इतर गलबल्यात विखुरला न जाता सरळ कानाशी येतो. डॉक्टर लेनेक याने १८१६ साली पॅरिस येथे स्टेथोस्कोपची कल्पना काढली, तिच्यामागे हीच गोष्ट होती. रेल्वेतही पूर्वी जंक्शनवर गाडी थांबली की परीक्षक चाकांवर हातोडी मारीत चालत. निर्दोष चाक घंटेसारखे वाजे, तडा गेलेले बद्द वाजे. तथापि पेचकसाची युक्ती मुलांनी करू नये. फिरत्या पट्ट्याजवळ धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी किंवा मोकळे केस गेले तर मोठा अनर्थ होतो.

टर्बोविषयी दोन शब्द. शिट्टी एकाएकी मोठी झाली, ओढ कमी झाली व काळा धूर येऊ लागला, तर हवेच्या रबरी नळीस भेग पडली आहे किंवा तिची पट्टी सैल झाली आहे, असा तर्क करावा. ही दुरुस्ती सोपी व स्वस्त असते. परंतु शिट्टीचा भोंगा झाला व निळा धूर दिसू लागला, तर टर्बोचा आसच झिजला असावा. मोटार पुढे चालवू नये. टर्बोचे आयुष्य इंजिनाच्या स्वच्छ तेलावर असते. तेल वेळेवर बदलणे, हवेची गाळणी साफ ठेवणे, आणि लांब दौडीनंतर इंजिन बंद करण्यापूर्वी मिनिटभर मंद चालू देणे, या तीन सवयींनी पुष्कळ खर्च वाचतो. उसाच्या हंगामात न्हावरे व पाटस या साखर कारखान्यांच्या गावांभोवतालच्या कच्च्या रस्त्यांवर जी धूळ उडते, तिच्यात गाळणी किती लवकर चोंदते हे तेथील वाहनचालकांस सांगावयास नको.

सूर चालत्या मोटारीतच येत असेल तर दुसरी परीक्षा रस्त्यावर करावी. ही परीक्षा परवानाधारक व सावध चालकाने रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावरच करावी, व टिपणे घेण्यास शेजारी दुसरा माणूस बसवावा. ज्या वेगास सूर येतो त्या वेगावर मोटार आणावी, आणि तोच वेग राखून एकदा तिसऱ्या व एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवून पाहावे. गिअर बदलताच सुराची उंची बदलली, तर तो इंजिनाच्या वेगाशी बांधलेला आहे. म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स. गिअर बदलूनही उंची तीच राहिली, तर तो चाकांच्या वेगाशी बांधलेला आहे. म्हणजे डिफरन्शियल, चाकांची बेअरिंगे किंवा टायर. गणितानेही हे पटते. चाकाचा परीघ २ मीटर धरला तर ताशी ३६ किलोमीटर वेगास, म्हणजे सेकंदास १० मीटर वेगास, चाक सेकंदात ५ फेरे घेते. क्राऊनचक्रास ४० दाते असतील तर आघात २०० होतात. ७२ किलोमीटर वेगास ते ४०० होतात. इंजिन कोणत्याही गिअरमध्ये असो, या आकड्यांत फरक पडत नाही.

एखाद्याच गिअरमध्ये सूर येत असेल तर त्याच गिअरचे दाते झिजले आहेत. सर्वच गिअरांत येत असेल तर प्रथम गिअरबॉक्समधील तेलाची पातळी पाहावी. न्यूट्रलमध्ये उभ्या मोटारीत गुणगुण येते आणि क्लच दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढल्या आसाचे बेअरिंग दोषी. याच्या उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लचचे बेअरिंग दोषी. चाकांच्या बेअरिंगांचा आवाज कण्हण्यापेक्षा घुमणाऱ्या जात्यासारखा असतो. रिकाम्या रस्त्यावर मोटार अलगद डावीकडे झुकवली असता तो वाढला, तर भार उजव्या चाकावर गेला म्हणून उजवे बेअरिंग तपासावे. उजवीकडे झुकवल्यावर वाढला तर डावे. आणि डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच आवाजाचे रूपच पालटले, तर तो केवळ टायरांचा आवाज होय.

डिफरन्शियलची खूण निराळी आहे. ॲक्सिलरेटर दाबला की सूर येतो, सोडला की नाहीसा होतो किंवा पालटतो. कारण दाबताना दात्यांची एक बाजू भार घेते व सोडताना दुसरी. जीप, पिकअप, ट्रक व बस यांत हा भाग मागील आसाच्या मध्यभागी असतो, आणि मालवाहू गाड्यांत तोच अधिक राबतो.

आमच्या परिचयाच्या एका दूधवाल्या गृहस्थांच्या पिकअपचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. रोज पहाटे ते दूध घेऊन निघत. काही दिवसांपासून ताशी ५० किलोमीटरच्या सुमारास गाडी कण्हू लागली. एका ठिकाणी त्यांस सांगण्यात आले की संपूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून त्यांचे धाबे दणाणले; मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्यात जाणार होती. त्यांच्याच शाळकरी मुलीने वडिलांशेजारी बसून शिरूर ते न्हावरे या रस्त्यावर वहीत टिपणे केली: तिसऱ्या गिअरमध्ये ५० वर सूर आहे, चौथ्यातही ५० वर तोच आहे, पाय सोडला की जातो, उभ्या गाडीत मुळीच नाही. ही चार वाक्ये वाचून दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीने गिअरबॉक्सला हात न लावता मागील आसाखाली दिवा धरला. पिनियनच्या तोंडचे ऑइल सील फाटून तेल गळले होते व आत जेमतेम निम्मे तेल उरले होते. सील बदलले, आसाचे तेल काढून पाहिले, त्यात धातूचे तुकडे नव्हते. योग्य जातीचे नवे तेल भरले, व सूर पुष्कळ अंशी शमला. दात्यांस थोडी झीज झाली होती ती राहिलीच. परंतु गाडी चालू राहिली व मुलीचे पैसेही शिल्लक राहिले. तेल तसेच गळत राहते तर क्राऊन व पिनियन तापून एके दिवशी अडकले असते, व भरल्या गाडीची मागील चाके धावत्या रस्त्यावर जखडली गेली असती. मग खर्चाचा प्रश्नच दुय्यम ठरला असता.

तेल काढून पाहणे ही एक उत्तम परीक्षा आहे. तळाच्या बुचास पुष्कळदा लोहचुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर ती स्वाभाविक झीज समजावी; टोचणारे तुकडे दिसले तर दाते किंवा बेअरिंग फुटू लागले आहे. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. पावसाळ्यात ओढ्यातून किंवा नदीच्या उतारातून गाडी घालणारांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. धावून तापलेला आस थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकुंचन पावते व सीलच्या किंवा हवेच्या छिद्राच्या वाटे पाणी आत ओढते. नुकसान त्याच दिवशी दिसत नाही. काही महिन्यांनी गाडी कण्हू लागते, आणि तोपर्यंत ओढा कोणाच्याच लक्षात राहिलेला नसतो.

क्राऊन व पिनियन खरोखरच झिजले असतील तर ते जोडीनेच बदलावे लागतात, कारण कारखान्यात ते एकमेकांशी जुळवलेले असतात. त्यांतील मोकळीक मिलिमीटरच्या अंशांत मोजून पातळ चकत्यांनी साधावी लागते. दात्यांस रंग लावून ठसा कोठे उमटतो ते पाहावे लागते. हे काम अंदाजाने केल्यास नवी जोडीही पहिल्या दिवसापासून रडते. म्हणून अशा वेळी स्वस्त कारागिरापेक्षा मोजमापाची साधने बाळगणारा कारागीर शोधावा.

जुनी मोटार विकत घेणारांस एक इशारा देणे आवश्यक वाटते. डिफरन्शियलचे कण्हणे लपविण्यासाठी त्यात लाकडाचा भुसा किंवा अतिशय घट्ट ग्रीस भरण्याची लबाडी फार जुनी आहे. त्यामुळे आवाज काही दिवस दबतो, परंतु बेअरिंगांस तेल पोहोचत नाही. म्हणून सौदा करण्यापूर्वी बूच काढून तेल पाहू द्यावे अशी मागणी करावी. जो नकार देईल त्याच्या मोटारीस नमस्कार करून परत यावे.

शेवटी, कोणत्या आवाजास किती मान द्यावा हे थोडक्यात सांगतो. टायरांचा आवाज व रिव्हर्सचा सूर यांची चिंता नको. पट्ट्याचे किंचाळणे त्याच आठवड्यात दूर करावे. पट्टा तुटल्यास पुष्कळ मोटारींत पाण्याचा पंपही थांबतो व इंजिन तापून निकामी होते. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल कण्हू लागल्यास पुढील फेरीपूर्वी तेल तपासावे. आणि चाकातून घुमणारा आवाज वाढत जाऊन खरखर झाली, स्टीअरिंग थरथरू लागले, किंवा थांबल्यावर एका चाकाजवळ हात नेताच इतरांहून अधिक धग लागली, तर मोटार तेथेच उभी करावी. धगीच्या भागास स्पर्श करू नये. असे बेअरिंग फुटले की चाक आसापासून सुटू शकते. त्या वेळी मोटारीत दूध आहे की मुले आहेत, हे ते चाक पाहत नाही.

शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आज मोटारी तयार होतात, आणि मोटारींच्या आवाजाची व कंपाची शास्त्रीय परीक्षा करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. तेथील सूक्ष्म यंत्रे हाच प्रश्न विचारतात की सेकंदास आघात किती, आणि ते कोणत्या चक्राच्या दात्यांशी जुळतात. आमच्या विद्यार्थ्यांपाशी ती यंत्रे नाहीत. पण दोन कान, एक वही, एक पेन्सिल व गुणाकार भागाकार एवढी सामग्री प्रत्येकापाशी आहे. पालकांस आमची विनंती एवढीच की, पुढच्या वेळी गाडी कण्हू लागली तर मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी मुलास किंवा मुलीस शेजारी बसवावे, आणि कोणत्या वेगास, कोणत्या गिअरमध्ये, पाय दाबताना की सोडताना, ही तीन उत्तरे लिहून घ्यावीत. तो कागद मिस्त्रीच्या हाती दिला की त्याचे निम्मे काम झालेले असते, व चांगला मिस्त्री त्याबद्दल आनंदच मानतो.